स्प्रिंगफील्डला लिंकन बघायला जाताय? टूरवाला टाळा आणि आमदार लिंकनला भेटून या

लांबलचक लिहितेय, त्यामुळे ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांनी इथेच घ्या. शिकागोहून जी रेडीमेड एका दिवसाची लिंकन टूर घेतली तिला एक स्टार, तोही ड्रायव्हरने आईला न मागता पुढची सीट दिली म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी आमचं आम्ही जे फिरलो, म्हणजे लिंकनचं तरुणपणीचं गाव न्यू सेलम आणि इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड इथलं जुनं विधानभवन, त्याला पाचाच्या पाच. आता सविस्तर.

जूनमध्ये आई-अण्णा आले होते. नायगारा झाला, शिकागोचा तो चकचकीत राजमा ("बीन" म्हणतात ते आरशासारखं शिल्प) झाला, त्याच्यासमोर फोटो काढून झाले आणि मग अण्णांनी एक दिवस नाश्ता करताना विचारलं, "तो लिंकन कुठला गं? इथलाच ना?" अण्णा आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, २८ वर्षं इन्फंट्री, आणि पेन्शनीत आल्यावर पाच वर्षं गावचे सरपंचही होते, त्यामुळे सैनिक आणि राजकारण हे दोन विषय निघाले की माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो. मी म्हटलं लिंकन पण थोडे दिवस सैनिक होता आणि आधी आमदार होता. झालं, जायचंच ठरलं.

गाडी चालवायचा मला कंटाळा, शिकागो ते स्प्रिंगफील्ड साधारण २०० मैल, म्हणून म्हटलं टूर घेऊन टाकू. नाव लिहीत नाही, कारण मला भांडण नकोय, तुम्ही असली कुठलीही टूर घेण्याआधी फक्त हे प्रश्न विचारा म्हणजे झालं. माणशी ८५ डॉलर घेतले. सकाळी साडेसहाला निघालो आणि वाटेत एका आउटलेट मॉलला "फ्रेश व्हायला" एक तास थांबलो. सकाळी आठ वाजता! बंद दुकानांच्या काचा बघून आम्ही काय फ्रेश होणार होतो देव जाणे. मग लिंकनच्या घराचं तिकीट म्हणून वर माणशी ५ डॉलर. आता ते घर नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि तिथला टूर फुकट असतो, व्हिजिटर सेंटरला जाऊन वेळ टाकलेलं तिकीट घ्यायचं एवढंच. मी काउंटरवर विचारलं तेव्हा कळलं. गाइडला म्हटलं हे काय, तर म्हणे हँडलिंग. अण्णा मराठीत म्हणाले, "कागदाचा एवढा तुकडा उचलायला पाच डॉलर, याला कँटीनच्या स्टोअरवर बसवला पाहिजे."

पण पैशापेक्षा जास्त राग आला तो माहितीचा. व्हॅनमध्ये माइकवर सांगतोय की राष्ट्राध्यक्ष होण्याआधी लिंकनने ब्लॅक हॉक वॉरमध्ये (१८३२ चं, मूळ अमेरिकन लोकांविरुद्धचं युद्ध) खूप लढाया गाजवल्या. अण्णांनी मला विचारायला लावलं की कुठल्या लढाया, नावं सांग. तो हसून म्हणाला, मेनी मेनी. वर दुपारी जेवणात वेळ गेल्यामुळे न्यू सेलम कॅन्सल. संध्याकाळी व्हॅन परत निघाली तेव्हा आम्ही तिघं चढलोच नाही, तिथेच एक साधं हॉटेल घेतलं, दुसऱ्या दिवसासाठी भाड्याची कार. आईच्या पर्समध्ये गोळ्या आणि चिवडा होता म्हणून निभावलं.

तर दुसरा दिवस. हाच खरा रिव्ह्यू.

आधी न्यू सेलम. स्प्रिंगफील्डच्या वायव्येला साधारण २० मैल, पीटर्सबर्ग गावाच्या अलीकडे, सँगमन नदीच्या काठी. लिंकन इथे १८३१ ते १८३७ राहिला. त्याच्या मागोमाग गावही उठलं, घरं गेली, आणि आता आपण जे बघतो ती नंतर पुन्हा उभारलेली लाकडी ओंडक्यांची घरं आहेत. त्या काळातली खरीखुरी इमारत म्हणाल तर एकच, पिंपं बनवणाऱ्या ऑनस्टटचं वर्कशॉप. हे आधीच सांगते म्हणजे कुणी नंतर "सगळं नकली आहे" म्हणून एक स्टार देणार नाही. मला स्वतःला ते खटकलं नाही. बुटकी दारं, आत चुलीचा काळा धूर, बाहेर आडव्या फाळक्यांची कुंपणं, आणि जुन्या वेशातले स्वयंसेवक काम करत बोलत असतात. तिकीट नाही, दानपेटी आहे, टाका काहीतरी.

इथे लिंकनचं जे रूप दिसतं ना, ते नोटेवरचं अजिबात नाही. २२-२३ वर्षांचा उंच हडकुळा पोरगा, दुसऱ्याच्या दुकानात नोकर, मग पार्टनरशिपमध्ये स्वतःचं दुकान काढलं, ते बसलं, पार्टनर बेरी वारला आणि सगळी उधारी याच्या डोक्यावर आली, एवढी की तो तिला गमतीने "नॅशनल डेट" म्हणायचा आणि ती फेडायला त्याला वर्षानुवर्षं लागली. मधल्या काळात गावचा पोस्टमास्तर, पत्रं म्हणे टोपीत घालून वाटायचा. आणि जमीन मोजणीचं काम, आपल्याकडचे मोजणीदार असतात तसं. सावकारांनी कोर्टातून वसुली लावली तेव्हा त्याचा घोडा आणि मोजणीचं सामानसुद्धा लिलावात गेलं. तर जेम्स शॉर्ट नावाच्या शेजाऱ्याने ते सामान बोली लावून विकत घेतलं आणि त्यालाच परत देऊन टाकलं. आईला ही गोष्ट एवढी आवडली की ती दिवसभर मला विचारत होती, "मग त्या शॉर्टला नंतर काही मिळालं का रे देवा?" मिळालं आई, लिंकन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याला सरकारी पद दिलं. तेव्हा कुठे ती शांत झाली.

आता फौजेचं. एप्रिल १८३२ मध्ये सॉक या मूळ अमेरिकन जमातीचा म्होरक्या ब्लॅक हॉक हजारभर माणसं घेऊन मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमध्ये आपल्या जुन्या जमिनीवर परत आला, त्यात बायकापोरं म्हातारे सगळे होते, आणि इकडे सरकारने मिलिशिया, म्हणजे साध्या नागरिकांची हंगामी फौज, बोलावली. लिंकन नोकर होता ते दुकान असंही बुडायला आलेलं, तो गेला भरती व्हायला. आणि तिथे कॅप्टन वरून नेमत नव्हते, जवानच निवडायचे! हात वर करून पण नाही, दोन उमेदवार मैदानात उभे करायचे आणि ज्याला जो पसंत त्याने त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. लिंकनच्या मागे रांग मोठी झाली. पुढे १८५९ मध्ये, म्हणजे आमदारकी खासदारकी सगळं उपभोगून झाल्यावर, त्याने स्वतःबद्दल थोडक्यात लिहून दिलं त्यात सांगितलंय की या निवडीने जेवढा आनंद झाला तेवढा त्यानंतरच्या कुठल्याच यशाने झाला नाही. अण्णांना हे भाषांतर करून सांगितलं तर ते आधी खवळले. "जवानांनी साहेब निवडायचा? मग शिस्त कशी राहणार?" मी म्हटलं थांबा, पुढे ऐका.

पुढे काय, शिस्त राहिलीच नाही. म्हणे त्याने पहिलीच ऑर्डर दिली तर एका जवानाने त्याला उडत जायला सांगितलं. एकदा लिंकननेच छावणीत विनाकारण बंदूक उडवली म्हणून त्याची तलवार काढून घेतली. दुसऱ्यांदा त्याच्या पोरांनी अफसरांची दारू चोरून प्यायली, सकाळी कंपनी चालण्याच्या परिस्थितीत नाही, शिक्षा कॅप्टनला, दोन दिवस कमरेला लाकडी तलवार लावून फिरायचं. आणि तो फाटकाचा किस्सा तर भारीच आहे. कंपनी ओळीने आडवी चाललीय, समोर आलं अरुंद फाटक, आणि कंपनी एकामागे एक करून आत काढायची कमांडच साहेबांना आठवेना. तेव्हा लिंकनने ऑर्डर दिली की कंपनी दोन मिनिटांसाठी विसर्जित होत आहे, दोन मिनिटांनी फाटकाच्या पलीकडे पुन्हा फॉल इन व्हायचं.

हे तिथल्या लोहाराच्या वेशातल्या काकांनी सांगितलं, आणि सांगण्याआधी विचारलं होतं की तुमच्यात कुणी फौजी आहे का. अण्णांनी हात वर केला नाही. ते करतच नाहीत कधी, लग्नात कुणी विचारलं तरी नाही. आईने त्यांचं मनगट धरून वर केलं. मग काकांनी सगळा किस्सा अण्णांकडे बघूनच सांगितला, मी मध्ये दुभाषी, आणि अण्णा एवढे हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "लाइन तोड! त्याने लाइन तोड दिली गं!" मग तिथल्याच एका कुंपणाच्या फटीशी त्यांनी मला आणि आईला उभं केलं, सावधान, तेज चल, आणि फटीच्या दोन पावलं अलीकडे खणखणीत आवाजात लाइन तोड. आई साडी सावरत पलीकडे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली "आता काय?" दोन अमेरिकन कुटुंबं थांबून बघत होती. खरी कमांड काय असते तीही अण्णांनी सांगितली, पण मी ती टायपिंगमध्ये चुकवेन आणि मग कमेंटमध्ये कुणी सुभेदार मेजर येऊन माझी परेड घेतील, म्हणून लिहीत नाही.

पण अण्णांचं मत बदललं ते दुसऱ्याच गोष्टीने. कॅप्टनची मुदत महिनाभराने संपली, २७ मेला कंपनी मोडली, बहुतेक लोक घरी गेले. लिंकन थांबला, आणि थांबला तो साधा शिपाई म्हणून. पुन्हा मुदत संपली, पुन्हा शिपाई. नंतर तो वकील मित्राला म्हणायचा की हाताला काम नव्हतं, लढाई व्हायची चिन्हं नव्हती, मग भरती होण्यासारखं दुसरं काय होतं. त्याने विनोदात टाकलंय, पण अण्णा गप्प झाले. म्हणाले, "फीत उतरवून परत रँकमध्ये उभं राहणं सोपं नसतं. लोक हसतात." आणि त्याला लढाई दिसली नाही हेही पूर्ण खरं नाही, लढाई झाल्यानंतरचं दिसलं. स्टिलमन्स रनला आणि नंतर केलॉग्ज ग्रोव्हला त्याच्या तुकडीने मेलेल्यांना पुरलं, केस कातडीसकट काढलेली माणसं, आणि ते सकाळचं लाल ऊन त्यांच्या अंगावर कसं पडलं होतं हे तो पुढे सांगत असे. जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधून सुटका झाली, निघायच्या आदल्या रात्री घोडा चोरीला गेला, मग थोडं पायी थोडं होडीतून घरी. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २ ऑगस्टला, बॅड ॲक्स नदीच्या मुखाशी ब्लॅक हॉकच्या लोकांची कत्तल झाली, नदी पार करायला बघत होते त्यांना मारलं, बायका-मुलंसुद्धा. लिंकन तेव्हा तिथे नव्हता. पण हे युद्ध म्हणजे नुसता फाटकाचा विनोद नव्हता हे डोक्यात ठेवून फिरा.

आणखी एक गंमत, जी व्हॅनवाल्या गाइडला सांगता आली असती तर मी त्याला दुसरा स्टार दिला असता. मे १८३२ मध्ये लिंकनला शिपाई म्हणून भरती करून घेणारा लेफ्टनंट होता रॉबर्ट अँडरसन. १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवर गोळे पडून सिव्हिल वॉर, म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध, सुरू झालं तेव्हा त्या किल्ल्याचा कमांडर हाच अँडरसन, आणि वर राष्ट्राध्यक्ष हा त्याचा जुना शिपाई.

तर युद्धावरून परतला जुलैमध्ये, आणि विधानसभेचं मतदान ६ ऑगस्टला. उमेदवारी त्याने मार्चमध्येच जाहीर केली होती पण प्रचाराला मिळाले जेमतेम दोन-तीन आठवडे. पडला. १३ जणांत आठवा. पण न्यू सेलमच्या बूथवर ३०० पैकी २७७ मतं त्याला. अण्णांना मी आकडा सांगितल्यावर त्यांचा सरपंच जागा झाला, "गाव पाठीशी असलं की माणूस पडत नाही, पुढच्या वेळी आलाच असणार." आला ना. १८३४ मध्ये निवडून आला, वय २५. विधानसभेला जायला धड कपडे नव्हते म्हणून ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून २०० डॉलर उसने घेतले आणि त्यातले ६० सुटावर घातले. आई म्हणाली, पहिल्या दिवशी तर चांगलं दिसायलाच हवं. मग सलग चार वेळा आमदार.

दुपारी स्प्रिंगफील्डला परत, जुनं विधानभवन म्हणजे ओल्ड स्टेट कॅपिटल. गाडी लावायचा प्रश्न नाही, त्या इमारतीच्या खालीच पार्किंग आहे, आणि ते का आहे ही पण गोष्टच आहे. १९६० च्या दशकात ही अख्खी इमारत दगड दगड मोजून नंबर टाकून उतरवली, खाली पार्किंग आणि लायब्ररी बांधली, आणि १८४०-६० च्या काळात दिसायची तशी परत रचली. म्हणजे भिंतीचा दगड जुना, आतलं बरंचसं नव्याने केलेलं. पिवळसर चुनखडीचा दगड, समोर जाड खांब, वर लाल घुमट. याच्याच समोर १० फेब्रुवारी २००७ ला कडाक्याच्या थंडीत ओबामांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली होती, तेही इलिनॉयच्या विधिमंडळातूनच वर आलेले. जायच्या आधी इमारत चालू आहे का ते मात्र ऑनलाइन बघाच, जुन्या वास्तूंची डागडुजी कधी निघेल सांगता येत नाही. हेच लिंकनच्या घराबद्दलही.

आत प्रतिनिधींचं सभागृह आहे तिथे आम्ही तब्बल पाऊण तास होतो. अर्धगोलात लावलेली लाकडी डेस्कं, प्रत्येकावर पिसाची लेखणी, मेणबत्तीचा स्टँड, कागद. खिडक्या उंच. आम्हाला मिळालेल्या गाइडबाई सत्तरीच्या असतील, आवाज बारीक पण प्रत्येक प्रश्नाला पूर्ण उत्तर, आणि जे नक्की नाही ते "लोक असं सांगतात" म्हणूनच सांगायच्या. कालच्या माइकवाल्यानंतर कानाला थंडावा. १८५८ मध्ये "घरात फूट पडली तर घर उभं राहत नाही" हे त्याचं प्रसिद्ध भाषण इथलंच, आणि १८६५ च्या मे महिन्यात त्याचा मृतदेह लोकांच्या दर्शनाला ठेवला तोही याच दालनात. एकच खोली. बाई हे सांगून थोडं थांबल्या आणि मग म्हणाल्या, आता आपण आमदाराकडे येऊ.

आमदार म्हणून तो संत नव्हता बरं का. हे मला आवडलं की त्यांनी लपवलं नाही. तेव्हा राजधानी होती वँडेलियाला, स्प्रिंगफील्डपासून सत्तर-पंचाहत्तर मैल दक्षिणेला. सँगमन काउंटीचे नऊ लोकप्रतिनिधी, सात विधानसभेत आणि दोन सिनेटमध्ये, सगळे ताडमाड, नऊ जणांची उंची एकत्र ५४ फूट भरायची म्हणे, म्हणून त्यांचं नाव पडलं लाँग नाइन. यांनी १८३७ मध्ये जोर लावून राजधानी स्प्रिंगफील्डला आणली. त्याच अधिवेशनात रस्ते, कालवे, रेल्वे अशा कामांचा कोटभर डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला, लिंकन त्याचा जोरदार समर्थक. प्रत्येक भागाला काहीतरी द्यायचं आणि मतं जमवायची, आता हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. त्याच साली मंदी आली, कामं अर्धवट पडली आणि राज्य कर्जात पार बुडालं. अण्णा म्हणाले, "म्हणजे याच्या दुकानाचं झालं तेच राज्याचं केलं." मी हे भाषांतर करू की नको करत होते, शेवटी केलं, बाई खूप हसल्या आणि म्हणाल्या मी हे वाक्य उद्यापासून वापरणार.

पण त्याच १८३७ ची दुसरी बाजू. जानेवारीत विधानसभेने गुलामगिरीविरोधी चळवळीचा निषेध करणारा ठराव केला, ७७ विरुद्ध ६. त्या सहांत हा एक. आणि मार्चमध्ये, अधिवेशन संपताना, डॅन स्टोन नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने लेखी निषेध नोंदवला की गुलामगिरी अन्यायावर आणि चुकीच्या धोरणावर उभी आहे. वय २८, पक्षाचा पाठिंबा नाही, मतदारसंघातही याने एक मत वाढणार नव्हतं. राजधानीचं काम झाल्यावर नोंदवला हेही खरं, आधी नोंदवला असता तर ते काम बिघडलं असतं. अण्णांनी यावर काही कमेंट केली नाही, नुसते मान हलवत राहिले. त्यांना ती टायमिंगची भाषा नीट कळते.

आणि खिडकी! ५ डिसेंबर १८४०. विरोधकांना अधिवेशन गुंडाळायचं होतं म्हणजे स्टेट बँक अडचणीत येणार, याच्या व्हिग पक्षाला ते नको होतं म्हणून त्यांचे लोक बाहेर राहिले, कोरम होऊ द्यायचा नाही. लिंकन आणि दोघंजण नजर ठेवायला आत बसले, आणि तेवढ्यात कोरम भरला. दारं बंद. मग हे तिघं खिडकी उघडून बाहेर उड्या मारून गेले. उपयोग शून्य, त्यांची हजेरी आधीच लागली होती. विरोधी पेपरांनी टिंगल केली की एवढ्या लांब पायांच्या माणसाला उडी कसली, पाय टेकलेच असतील. आता बघा, आदल्या दिवशी आमच्या व्हॅनवाल्याने याच विधानभवनाकडे बाहेरून बोट दाखवून सांगितलं होतं की "त्या वरच्या खिडकीतून." बाईंनी सांगितलं की तेव्हा ही इमारत पुरी झालेलीच नव्हती, सभागृह एका चर्चमध्ये भरत होतं. ८५ डॉलर!

बाकीचं भराभर सांगते. लिंकन प्रेसिडेन्शियल म्युझियम छान आहे, पोरं बरोबर असतील तर नक्की, पण तिथे मुख्यतः राष्ट्राध्यक्ष लिंकन आहे आणि ते साहजिकच आहे. सिव्हिल वॉर चार मिनिटांत दाखवणारा एक नकाशा आहे, एक सेकंद म्हणजे एक आठवडा, सीमा सरकत जाते आणि कोपऱ्यात दोन्हीकडच्या मेलेल्या-जखमींचा आकडा पळत राहतो. अण्णांनी तो तीनदा बघितला, उभ्यानेच. घर बघा, जिन्याच्या कठड्याला हात लावू देतात आणि तो कठडा खरंच त्याच्या वेळचा आहे. ओक रिज स्मशानभूमीत त्याची समाधी, बाहेर त्याचा ब्राँझचा मोठा चेहरा, नाक चोळलं की नशीब उघडतं म्हणतात, ते नाक चोळून चोळून सोन्यासारखं चमकतंय. आईने दोनदा चोळलं, एकदा माझ्या ग्रीन कार्डसाठी. तिथून जवळच व्हिएतनाम युद्धात गेलेल्या इलिनॉयच्या जवानांचं स्मारक आहे, काळ्या दगडावर नावंच नावं. टूरच्या यादीत हे नव्हतं. अण्णांनी तिथे चप्पल काढली, मग लक्षात आलं की इथे कुणी काढत नाही, परत घातली, आणि मग एक पूर्ण बाजू बोट न लावता वाचत गेले. इंग्रजी नावं त्यांना पटापट वाचता येत नाहीत, त्यामुळे वेळ लागला. आम्ही बाकावर बसून राहिलो.

तर कामाच्या गोष्टी. शिकागोहून ट्रेन आहे, नावच लिंकन सर्व्हिस, आम्ही परत तिनेच आलो आणि अण्णा खूश, पाय पसरायला जागा. पण न्यू सेलमला जायचं तर स्प्रिंगफील्डला कार हवीच. एका दिवसात सगळं बसत नाही, मुक्काम करा, आणि न्यू सेलमला सकाळी लवकर जा. पायवाटा खडीच्या आहेत, आईच्या गुडघ्यांना जपून जपून जमलं. आत खायची सोय बघून ठेवा, आम्ही चिवड्यावर होतो. राहता वेळ मिळाला तर वँडेलियाचं १८३६ चं विधानभवन पण अजून उभं आहे, ते आमचं राहिलं.

आणि मच्छरांची क्रीम. लिंकन १८४८ मध्ये खासदार असताना काँग्रेसमध्ये एका जनरलच्या शौर्याच्या बढायांची खिल्ली उडवत म्हणाला होता की मी पण युद्धवीर आहे बरं, मी रानकांद्यांवर चढाया केल्यात आणि मच्छरांशी पुष्कळ रक्तरंजित लढाया लढलोय. (आणि या युद्धसेवेबद्दल पुढे सरकारने त्याला आधी ४० आणि मग १२० एकर जमीन दिली, ऐकून अण्णांनी फक्त "अर्जावर?" एवढंच विचारलं.) मला वाटलं नुसता विनोद. सँगमनच्या काठी, झाडीत, जूनमध्ये, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आम्ही तीन तास. परतीच्या ट्रेनमध्ये आईने अण्णांच्या हातांवरच्या गाठी मोजल्या, एका हातावर एकोणीस. दुसरा हात अण्णांनी दिला नाही, म्हणाले कॅज्युअल्टी रिपोर्ट घरी गेल्यावर.